एकसारखे ठोके

या सदरात येणाऱ्या निम्म्या गोष्टी मला शुद्ध थापा वाटतात, हे आधीच सांगतो. सोलापुरात हायस्कूलला आयुष्यभर सायन्स शिकवलं. भूत, करणी, भानामती सांगणाऱ्याला तोंडावर वेड्यात काढत आलो. तरी हे लिहितोय...

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यातली गोष्ट. वळसंगला शेती करणारे माझे थोरले बंधू, अण्णा, यांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. सात रस्त्याजवळच्या एका दवाखान्यात पोटात नळी घालून डायलिसिस चाललं होतं – बाटलीतलं पाणी पोटात सोडायचं, काही वेळानं काढायचं. चौथ्या दिवशी सूज उतरली. "पल्स एकदम रेग्युलर. परवा घरी न्या," डॉक्टर म्हणाले. मीही घड्याळ लावून नाडी मोजली. दर वेळी तेवढेच ठोके! केवढा आनंद झाला होता मला.

शेजारच्या पेशंटचा सासरा, एक म्हातारा विणकर, तिथं बसून असायचा. मागांच्या खडखडाटात जन्म गेल्यानं ठार बहिरा. वहिनी चहा आणायला खाली गेल्या होत्या. म्हातारा उठला आणि अण्णांच्या पायथ्याशी, कॉटच्या लोखंडी दांडीवर तळहात टेकून बराच वेळ उभा राहिला. अण्णांना बोटसुद्धा लावलं नाही. मग मला व्हरांड्यात नेलं.

"मास्तर, हातमाग दम खातो, मागंपुढं हुतो. मानसाचं काळीज बी तसंच. तुमच्या भावाचं पावरलूमागत एकसारकं चाललंय. उद्या मिलच्या दुपारच्या भोंग्याला बंद पडंल बगा. घरच्यांना जवळ बसवा."

माझं डोकंच फिरलं. मेल्या, थेरड्या – तोंडाला येईल ते बोललो. त्याला त्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं, म्हणून दंडाला धरून जिन्यापर्यंत ढकलत नेलं.

वहिनींनी विचारलं, "काय म्हनत हुता म्हातारा?"

"काही नाही. डोकं फिरलंय त्याचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहिनींना म्हणालो, "गावी जाऊन घर झाडून ठेवा. अण्णांचे धुतलेले कपडे घेऊन या."

"मी ऱ्हाते की हितंच, भाऊजी. तुमी जावा."

मी ऐकलं नाही. बळंच एसटीत बसवलं. खरं सांगायचं तर घराची काळजी नव्हती मला... त्या म्हाताऱ्याला खोटं पाडायचं होतं.

दुपारी अण्णा चांगले बोलत होते. "कडबा झाकलाय का, इचार तिला," म्हणाले. थोड्या वेळानं, "आली का रं ती?" तेवढ्यात मिलचा भोंगा झाला. तो थांबायच्या आत अण्णा गेले होते.

म्हातारा जवळ आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो झिडकारला. आजही त्याचं नाव काढलं की अंगाची लाही होते.

माझा डॉक्टर पुतण्या म्हणतो, काका, किडनीच्या पेशंटची नाडी अशी फार एकसारखी चालणं वाईटच. आता मशीनवर कळतं. ठीक आहे, तेवढं मानलं. पण बहिऱ्या माणसाला लोखंडातून काय कळलं? आणि भोंग्याची वेळ?

वहिनी आता ऐंशीच्या पुढे आहेत. अजून विचारतात, "त्या दिशी मला कशाला धाडलंसा, भाऊजी?" मी तेच सांगतो, घर झाडायचं होतं म्हणून. त्यांना वाचता येत नाही, म्हणूनच हे इथं लिहू शकलो.