गव्हाणीतलं गवत

आमच्या जेवणघरात दारामागे एक पांढरा फळा आहे. महिना संपत आला की घराच्या प्रमुख, म्हणजे आमच्या सुपीरियर, त्यावर पुढच्या महिन्याची कामं लिहितात. स्वयंपाक कोणाकडे, कोंबड्या कोणाकडे, चॅपल कोणाकडे. बुऱ्हाणपुरातल्या या घरात आम्ही पाच सिस्टर राहतो, त्यामुळे फळा वाचायला अर्धं मिनिटही लागत नाही. गेल्या वर्षी आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी मात्र मी त्याच्यापुढे बराच वेळ उभी राहिले. ‘मोठ्या सिस्टर’ या शब्दांसमोर गेली सहा वर्षं माझं नाव असायचं. त्या दिवशी तिथे सगळ्यात धाकट्या सिस्टरचं होतं. माझ्या वाट्याला वेदी आणि मेणबत्त्या आल्या होत्या.

मोठ्या सिस्टर पंच्याऐंशीच्या आहेत. नगर जिल्ह्यातल्या बोर्डिंगात मी आठ वर्षांची पोर म्हणून आले, तेव्हा त्या आमच्यावर देखरेखीला होत्या. माझ्या डोक्यातल्या उवा त्यांनी काढल्या, वेण्या त्यांनी घातल्या, पहिला ताप त्यांनी उतरवला. माझ्या स्वभावाकडे बघून ‘मिरचे’ हे नावही त्यांनीच ठेवलं. मी सिस्टर का झाले असं कोणी विचारलं की मी देवाचं बोलावणं आलं असं सांगते, आणि ते खोटं नाही. पण त्या बोलावण्याचा आवाज मला ऐकू आला तो मोठ्या सिस्टरांचाच होता. पुढे मी नर्स झाले, इथला दवाखाना माझ्याकडे आला आणि थकल्यावर त्याही इथे विश्रांतीला आल्या. घरात सगळा कारभार हिंदीतून चालतो. मराठी फक्त आम्हा दोघींची, त्यांच्या खोलीतली.

धाकटी झारखंडची, सत्तावीस वर्षांची, जूनमध्येच आलेली. चालताना चपलांचा आवाजसुद्धा करत नाही.

मी तडक सुपीरियरकडे गेले. त्या केरळच्या, मोजकं बोलणाऱ्या. हातातला हिशेब बाजूला न ठेवताच म्हणाल्या, “आप ही ने तो कहा था सिस्टर. दिन में बीस बार बुलाती हैं, मेरी कमर टूट जाती है. सबके सामने कहा था.”

म्हटलं होतं, हे खरं. एकदा नव्हे, अनेकदा. पण ती तक्रार नव्हती हो. ते मिरवणं होतं. उशी सरकली, हाक. जपमाळ पडली, हाक. खिडकीतून ऊन आलं, हाक. मी जेवण सोडून उठायची आणि उठताना कमरेवर हात ठेवून कण्हायची, म्हणजे बाकीच्यांना कळावं की मोठ्या सिस्टरांचं माझ्यावाचून पान हलत नाही. मोठ्या सिस्टर तेव्हा व्हीलचेअरवर त्याच टेबलाशी असायच्या. त्यांना सगळं ऐकू येतं, हे मी विसरले होते. सुपीरियर पुढे एवढंच म्हणाल्या की हा बदल मोठ्या सिस्टरांनीच मागून घेतलाय. ते ऐकून तर माझं डोकंच फिरलं. त्यांनी मागितला? माझ्याऐवजी ती?

दुसऱ्या दिवशी आगमनकाळाचा पहिला रविवार. मी वेदीजवळचं हिरवं चक्र बांधायला बसले. आमच्याकडे ते केळीच्या सोपटाचं, म्हणजे खोडाच्या सालपटाचं, करतात. खांबाचं ओलं सोपट गोल वळवलं की त्यात खोचलेला पाला चार दिवस टवटवीत राहतो. त्यावर तीन जांभळ्या मेणबत्त्या आणि एक गुलाबी, दर रविवारी एक पेटवायची. चक्राशेजारी रिकामी गव्हाण ठेवतात आणि तिच्याजवळ गवताची टोपली. ही आमच्या घरची जुनी रीत आहे. नाताळपर्यंत जिनं मनाविरुद्ध काही सोडलं, गिळलं, सोसलं, तिनं गुपचूप गव्हाणीत एक काडी टाकायची. कशाबद्दल टाकली ते सांगायचं नाही, आणि दुसरीची मोजायची नाही. चोवीस डिसेंबरला त्या गवतावर बाळ येशूला निजवतात. म्हणजे त्याचं अंथरूण जेवढं मऊ, तेवढं आमचं महिनाभराचं वागणं.

गवत दर वर्षी जवळच्या निंबोला गावची एक बाई आणून देते. केळीच्या मळ्यात कामाला जाते, दवाखान्यात प्रेशर तपासायला येते. ती म्हणाली, “तुमच्या बाळासाठी हाय सिस्टर, कोरडं देखी-देखी आणलं.” आणि मग मी तिच्या दंडावर पट्टा बांधत असताना, “तुम्ही आज कायले एवढ्या चिडी राहिल्या? मशीन माह्याऐवजी तुम्हालेच लावा.”

मी चिडलेलीच होते. दवाखान्याची खिडकी आणि मोठ्या सिस्टरांची खिडकी समोरासमोर आहेत. दिवसभर मला दिसायचं. धाकटी त्यांच्या डोक्याला तेल लावतेय. धाकटी भरवतेय. त्या तिला मराठी शिकवत होत्या, आणि दवाखान्यात येणाऱ्या बायांकडून ऐकलेली मराठी ती त्यात मिसळत होती. “मोठ्या सिस्टर, तुम्ही झोपी राहिल्या का?” असं तिनं विचारलं की त्या खुदकन हसायच्या. इतकी वर्षं मी शुद्ध नगरी मराठी बोलले, त्यावर त्यांना कधी हसू आलं नव्हतं. आणि सगळ्यात जास्त लागलं ते हे की मला एकही हाक येत नव्हती. पहिले दोन दिवस मी कान देऊन बसले. तिसऱ्या दिवशी मीच त्यांच्या खोलीत गेले. “काही हवंय का?” त्या म्हणाल्या, “काही नको. तू जा, पेशंट थांबलेत.” मी निघाले. माझी गरजच नव्हती त्यांना.

त्यानंतर माझं लक्ष गव्हाणीकडे गेलं. मी वेदीवरची फुलं बदलत असायची आणि धाकटी यायची, गुडघा टेकायची, टोपलीतून दोन काड्या उचलून गव्हाणीत टाकायची आणि जायची. दुपारी परत. सायंप्रार्थनेआधी परत. कधी तीन, कधी चार. आम्ही बाकीच्या दिवसाकाठी एखादी टाकायचो. मी एक टाकली होती, तिच्यावर ओरडायचं टाळलं म्हणून, आणि ती चांगली जाड बघून टाकली होती. ही सत्तावीस वर्षांची मुलगी दिवसाला आठ-दहा वेळा कसला त्याग करत होती? माझं माणूस घेतलं, माझी भाषा घेतली, आता संतपणही हिलाच हवं. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पहिल्यांदा काडी काढली ती पुढच्या आठवड्यात बुधवारी. ती दोन टाकून गेली, मी त्या दोन उचलल्या आणि एप्रनच्या खिशात घातल्या. लाज वाटली नाही, हे सांगायला हवं. मग रोजचंच झालं. तिनं टाकायच्या, मी काढायच्या आणि जाता-जाता कोंबड्यांच्या खुराड्यात फेकायच्या. त्या महिन्यात आमच्या कोंबड्या फार सुखात बसल्या. मनाला मी समजावत होते की खोटा हिशेब मी सरळ करतेय. तिसऱ्या रविवारी, आनंदाच्या रविवारी, गुलाबी मेणबत्ती पेटवायला धाकटीनं मोठ्या सिस्टरांची व्हीलचेअर पुढे आणली. त्यांचा हात हातात धरून तिनं वात पेटवली. त्याच्या आदल्या वर्षी तो हात माझा होता. त्या दिवशी मी गव्हाणीतून मूठभर गवत काढलं, कोणाचं आहे हे न बघता.

त्याच आठवड्यात फादर आमच्या पापांची कबुली ऐकायला आले. मी सांगितलं की राग आला, प्रार्थनेत मन लागलं नाही. गवताचं सांगितलं नाही. तो राग नव्हता, तो न्याय होता, अशी माझी तेव्हा खात्री होती.

चोवीस तारखेच्या दुपारी मी वेदीवर पांढरा कपडा अंथरत होते. धाकटी आली आणि माझ्यामागे येऊन उभी राहिली. डोळे लाल होते.

“सिस्टर, एक बात पुछू? कोणी गव्हाणीतलं गवत नेऊन राहिलं.”

“उंदीर असतील,” मी म्हणाले.

“मी रोज टाकते, रोज कमी होते. मोठ्या सिस्टर रोज विचारतात, भरली का? मी म्हणते, भरली. झूठ बोलते मी. आता शाम को त्यांना इथे आणायचं आहे. त्या बघतील ना.”

“तुझं गवत कमी झालं तर त्यांना काय त्याचं?”

“माझं कुठे सिस्टर? माझं तर एक-दोन. बाकी सगळं त्यांचं होतं. त्यांना उठता नाही येत, म्हणून त्या बोलतात आणि मी येऊन टाकते.”

कपड्याची घडी मी उगाच पुन्हा मोडली. म्हटलं, “पलंगावर पडल्या-पडल्या त्या कसला एवढा त्याग करतात?”

ती माझ्याकडे बघत राहिली. एवढी साधी गोष्ट मला कशी ठाऊक नाही, असं काहीसं तिच्या चेहऱ्यावर होतं. “हाकेचा. तुम्हाला हाक मारायची मन में आली आणि नाही मारली, तर एक काडी. म्हणतात, माझ्या मिरचीची कंबर मोडली माझ्या हाकांनी, आता नाही मारायची. कधी-कधी रडतात पण. मग म्हणतात, जा, टाकून ये.”

मी कपडा तसाच सोडला आणि त्यांच्या खोलीकडे गेले. चॅपलपासून ती खोली पंधरा पावलांवर आहे. त्या महिन्यात मी ती पावलं किती वेळा वाचवली होती, कोण जाणे.

त्या जाग्या होत्या. उशी खांद्याखाली सरकलेली होती आणि मान अवघडलेली दिसत होती. मला बघून म्हणाल्या, “कामं झाली?”

“गव्हाणीतलं गवत मी काढलं,” मी म्हणाले. “तुमचं सगळं. धाकटीचं आहे असं वाटलं म्हणून काढलं. कोंबड्यांना टाकलं.”

त्यांनी नजर छताकडे वळवली. मला वाटलं, आता तोंड फिरवतील. मग म्हणाल्या, “बोर्डिंगात एका पोरीची वेणी मी तुझ्या आधी घातली, तर तू तिची रिबन कात्रीनं कापलीस. आठवतं?”

“आठवतं.”

“मी तेव्हाच म्हटलं होतं, ही काही सुधारायची नाही.”

मी त्यांची उशी सरळ केली. मान नीट ठेवली. कंबर दुखली आणि मी कण्हले नाही. स्टूल ओढून बसले आणि म्हटलं, “हाक मारा.”

“कशाला? तू इथंच तर आहेस.”

“तरी मारा.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओठ कोरडे होते, ते त्यांनी जिभेनं ओले केले. “मिरचे,” त्या म्हणाल्या.

“ओ.”

“मिरचे.”

“ओ.”

पुढची हाक जरा मोठ्यानं आली, त्याच्या पुढची आणखी मोठ्यानं. महिनाभर गिळलेलं सगळं एकेक करून बाहेर येत होतं आणि मी त्यांचा हात धरून ओ देत होते. मध्येच दारात धाकटी व्हीलचेअर घेऊन येऊन थांबली. तिनं या हाका ऐकाव्यात असं मला वाटलं, आणि हेही पुन्हा तेच मिरवणं, हे मला चांगलं कळत होतं. मी पुढची ओ तिला ऐकू जाईल अशी दिली.