आधी पाद्रीचं होऊ दे

त्या पावसाळ्यात आमची कंपनी पुण्यात होती. आम्ही सॅपर, म्हणजे फौजेत पूल बांधणारे, रस्ते काढणारे, बोटी चालवणारे. मी हवालदार शमुवेल साळवे, मूळचा वाईचा. माझ्या बोटीवर आणखी दोघे होते. पुढच्या टोकाला बांबू घेऊन नाईक बिरू खताळ आणि मागे इंजिनवर सॅपर पाटील. बिरू म्हसवडजवळच्या एका वाडीचा, मेंढरांमागे वाढलेला. आम्ही दोघे एकाच दिवशी भरती झालो, शेजारच्या खाटांवर झोपलो आणि पुढे दहा वर्षे एकमेकांचे बडी राहिलो. बडी म्हणजे जोडीदार. एकाने डोळे मिटले तर दुसऱ्याने उघडे ठेवायचे, एवढा साधा नियम.

हा नियम आम्हाला उस्तादाने, म्हणजे ट्रेनिंग देणाऱ्याने, शिकवला, पण बिरूने तो भलत्याच ठिकाणी लावला. आमच्या घरी जेवणाआधी डोळे मिटून देवाचे आभार मानायची रीत. वडील कंपाउंडर होते. कितीही दमून आले तरी त्यांचं ते चुकायचं नाही. ट्रेनिंगच्या लंगरमध्ये, म्हणजे जेवणघरात, मात्र दोनशे रिक्रूट आणि जेवायला वेळ बारा मिनिटं. मी लाजायचो. डोळ्यात काहीतरी गेल्याचं सोंग करून दोन सेकंद मिटायचो, आणि उघडेपर्यंत ताटातलं अंडं कुणीतरी लांबवलेलं असायचं. चौथ्या दिवशी बिरूने विचारलं.

"काय करतूयास रं रोज?"

"प्रार्थना."

"मग चोरून कशाला? कर की बिनघोर. अंड्याकडं मी बगतो."

तेव्हापासून तो माझ्या ताटाच्या कडेला हात ठेवून बसायचा. माझे डोळे उघडेपर्यंत स्वतःही घास घ्यायचा नाही. कुणी घाई केली तर म्हणायचा, "थांब रं गड्या. आधी पाद्रीचं होऊ दे." ते नाव मला चिकटलं ते कायमचं. रविवारी मंदिर परेडला पेटी मीच वाजवायचो, कारण कंपनीत पेटी येणारा मी एकटा. ती मी चर्चमध्ये शिकलो होतो. बिरू म्हणायचा, "आमच्या सिद्धनाथाला तुझी पेटी चालती, तर माझं थांबणं तुझ्या देवाला चालंल."

एका बाबतीत मात्र आमची जोडी अगदीच विजोड होती. मी वाईच्या घाटावरून कृष्णेत उड्या मारत मोठा झालो. बिरूच्या वाडीत हंडाभर पाणी मोजून वापरायचे. पोहण्याची टेस्ट तो तिसऱ्या खेपेला पास झाला, तीही उस्तादाने दुसरीकडे बघितलं म्हणून. यावरून मी त्याला वर्षानुवर्षे छळलं. तो हसायचा.

ऑगस्टमध्ये सांगलीकडे कृष्णेचं पाणी चढलं आणि आमच्या कंपनीला हुकूम आला. पहाटे निघालेली गाड्यांची रांग नऊ वाजता सांगलीत पोचली. दहा वाजता आम्ही नदीच्या खालच्या अंगाला एका गावाबाहेर बोटी पाण्यात सोडल्या. गाव चारी बाजूंनी वेढलेलं. माणसं शाळेच्या स्लॅबवर. मध्ये दीड किलोमीटर उसाचं रान, वर फक्त शेंडे दिसत होते.

सुभेदार जगताप यांनी ऑर्डर दिल्या. ते कमी बोलायचे.

"एका खेपेला आठ माणसं. माणसांसाठी आठ लाइफ जॅकेट बोटीत आहेत. क्रूचं जॅकेट काहीही झालं तरी अंगातून निघणार नाही. कळलं?"

"जी साब."

पहिल्या तीन खेपा ठरल्याप्रमाणे झाल्या. चौथ्या खेपेला एक गरोदर बाई आली. दिवस भरत आले होते. सासूशिवाय ती बोटीत पाय ठेवीना. सासू धरली तर माणसं नऊ होत होती. मी माझं जॅकेट काढलं आणि सासूबाईंच्या गळ्यात घातलं. खरं सांगतो, मला बरं वाटलं. लहानपणापासून जे ऐकलं ते आज वागलो, असं वाटलं.

बिरूने बघितलं. "साबानं काय सांगितलंय?"

"मला येतंय पोहायला."

तो बांबू घेऊन पुढच्या टोकाला गेला. आम्ही सगळ्यांना काठावर सुखरूप उतरवलं.

पाचवी खेप शेवटची होती. पाणी स्लॅबच्या कडेला लागलं होतं, पुन्हा यायला वेळ मिळणार नव्हता. राहिलेली माणसं दहा. आठ जॅकेट वाटली. नववं माझं, ते मी पुन्हा काढून दिलं. दहावा एक म्हातारा होता, पंच्याहत्तरीचा, गुडघ्यांनी अधू. बिरूने त्याला उचलून बोटीत ठेवलं, स्वतःच्या जॅकेटचे पट्टे सोडले आणि त्याच्या अंगावर आवळले.

मी बघत होतो. "घाल ते परत," एवढंच म्हणायचं होतं. बोटीचा कमांडर मी होतो. पण माझ्याच अंगात जॅकेट नव्हतं. कुठल्या तोंडाने सांगणार? माझी दया मला स्वस्तात पडत होती. मला पोहता येत होतं. बिरूला ती किती महाग पडेल हे मला त्या क्षणी माहीत होतं, तरीही मी बोललो नाही.

चार वाजून वीस मिनिटांनी उसाच्या रानात इंजिनच्या पंख्याला पाचट गुंडाळलं आणि इंजिन बंद पडलं. बोट आडवी झाली आणि बुडालेल्या विजेच्या खांबाकडे वाहू लागली. बिरूने पुढून बांबू खांबाला टेकवला आणि सगळं अंग टाकून बोट ढकलली. बोट फिरली, खांब हातभर अंतरावरून गेला. बांबू निसटला आणि बिरू पाण्यात पडला.

मी उडी मारली. दोनदा त्याचा हात दिसला. तिसऱ्यांदा दिसला नाही. पाटीलने बोट एका बाभळीला अडकवली, मला दोर टाकला आणि ओढून घेतलं. मी रेडिओ हातात घेतला.

"बेस, बोट तीन. ओव्हर."

"बोट तीन, बोला. ओव्हर."

"पॅसेंजर दहा, सगळे सेफ. क्रू एक मिसिंग. ओव्हर."

"कोण? ओव्हर."

"खताळ."

त्यापुढे मला ओव्हर म्हणता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला बिरू एक किलोमीटर खाली उसात सापडला. त्याला घरी पोचवायला दुसरी पार्टी गेली. मला चौकशीसाठी थांबवलं होतं.

चौकशीच्या आदल्या दिवशी सुभेदार साहेबांनी मला बाजूला घेतलं. "साळवे, जॅकेटचा पट्टा तुटला असं लिही. त्याचंही नाव राहील, तुझंही." ते माझ्या भल्याचंच बोलत होते. मी जसं घडलं तसं लिहिलं. मला कडक ताकीद मिळाली, बढती पुढे ढकलली गेली. त्याबद्दल माझी तेव्हाही तक्रार नव्हती, आजही नाही.

एक मात्र झालं. मी जेवणाआधी डोळे मिटणं सोडलं. प्रयत्न केला नाही असं नाही. पण डोळे मिटले की ताटाच्या कडेला हात नाही हे कळायचं. मग मी सरळ घास घ्यायचो आणि उठायचो.

ऑक्टोबरमध्ये सुट्टी मिळाली. चौकशीच्या कागदावर लिहिलं होतं, पण तो कागद बिरूच्या घरी जाणार नव्हता. त्यांना मीच सांगायला हवं होतं. मी वाईला न जाता साताऱ्यात उतरलो आणि दहिवडीवरून म्हसवडची एसटी धरली. दुपारी बारा वाजता वाडीत पोचलो. घरात दोनच माणसं होती, बिरूचे वडील बापू आणि बिरूची बायको तानूबाई. बापूंनी घोंगडं अंथरलं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. बसून सांगायचं धाडस नव्हतं.

तानूबाईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमी त्यास्नी म्हणला न्हाई, घाला म्हून?"

"नाही."

"का?"

"माझ्याच अंगात नव्हतं."

ती उठली आणि बाहेर मेंढरांच्या वाड्याकडे निघून गेली. मला वाटलं, आता आपणही पिशवी उचलावी. तेवढ्यात बापूंनी विचारलं,

"त्यो म्हातारा जगला का?"

"जगला."

"बसा," बापू म्हणाले. "बारका हुता तवा ओढ्याला पाणी आलं. कोकरू वाहत चाललं तर ह्येनं उडी टाकली. पवायला येत नव्हतं. मीच काडला त्याला. तुमास्नी बघून न्हाई शिकला त्यो, पावनं."

हे खरं की माझी समजूत काढायला सांगितलं, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही. पण त्यानंतर मला खाली बसता आलं.

अर्ध्या तासाने तानूबाई परत आली. डोळे लाल होते. तिने चूल पेटवली. बाजरीच्या भाकरी केल्या, हुलग्याचं कालवण वाढलं. माझ्यापुढे ताट ठेवलं, बापूंपुढे ठेवलं, स्वतःचं घेतलं. मी भाकरी मोडली. मग लक्षात आलं की दोघांपैकी कुणी ताटाला हात लावलेला नाही. दोघं माझ्याकडे बघत होते.

"घ्या ना," मी म्हणालो.

"मिटा की डोळं," तानूबाई म्हणाली.

मी मोडलेला तुकडा ताटात ठेवला.

"सुट्टीला आलं की त्ये असंच थांबायचं," ती म्हणाली. "ताट म्होरं आलं की हात मांडीवर. मी म्हणायची, आवं जेवा, निवतंय. तर म्हणायचं, थांब, आधी पाद्रीचं होऊ दे. मी इचारलं, तुमी मनात काय म्हणताय? तर म्हणालं, मला त्याचं येत न्हाई. मी नुस्ता थांबतोय."

"आमास्नीबी सवय लागली," बापू म्हणाले. "रानात मेंढरामागं आसलो तरी घडीभर थांबतोच. मिटा, पावनं. निवतंय."

मी डोळे मिटले. दोन महिन्यांनी मिटले, त्यामुळे काय बोललो ते आठवत नाही. बराच वेळ गेला असावा. उघडले तेव्हा माझ्या ताटाच्या कडेला बापूंचा हात होता आणि ते दाराकडे बघत बसले होते. दारात त्यांचा कुत्रा भाकरीवर टपून बसला होता. मला हसू आलं आणि रडूही आलं. तानूबाईने आणखी एक भाकरी वाढली.

मी निवृत्त होऊन वाईला राहतो. रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवतो, एरवी मुलांना पोहायला शिकवतो. पाण्यात उतरताना त्यांच्या जॅकेटचे पट्टे मी स्वतः ओढून बघतो, आणि आधी माझे बांधतो. मुलं कंटाळतात, मी ऐकत नाही. दिवस समाधानाचे आहेत.

मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो, तेव्हा मी एसटीने जातो. बापू आता थकलेत. मी त्यांच्या दंडाला धरून गर्दीच्या कडेला उभा राहतो. रथ समोर आला की बापू हात जोडतात, डोळे मिटतात. तानूबाईही मिटते. गुलाल उडतो, लोक मागून ढकलतात. मी बापूंच्या पाठीमागे पाय रोवून उभा राहतो, डोळे उघडे ठेवून. गेल्या वर्षी मागचा एक जण ओरडला, "ओ मामा, चला की म्होरं, काय करताय?"

"थांब गड्या," मी म्हणालो. "यांचं होऊ दे."

मला त्यांचं येत नाही. मी नुसता थांबतो, नाईक बिरू खताळच्या जागेवर.