देवीशी हुज्जत घालणारी काकी

आमच्या धाकट्या काकीचा गावदेवी काळकाईवर पूर्ण विश्वास होता. फक्त तिच्या अकलेवर नव्हता. "आई चांगली हाय गो, पण दिवसभर देवळात बसून तिला बाहेरचं काय कळणार?" असं म्हणून रोज सकाळी दिवा लावताना ती वाडीतल्या साऱ्या बातम्या देवीच्या कानावर घाली. कुणाची म्हैस व्याली, कुणाची सून रुसली, सगळं. देवीचीही करमणूक होत असावी.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात आमची वाडी. तिथे देवीला कौल लावल्याशिवाय कुणी काही ठरवत नसे. गुरव मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवी, घरातलं माणूस गाऱ्हाणं घाली आणि सगळे बघत बसत. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. नकार आला की बाकीचे लोक हात जोडून घरी जात. काकी मात्र पदर खोचून पुढे सरके. "घंटा वाजत होती, तिला नीट ऐकू नाय गेलं. गुरवा, परत लाव!" परत डावी पडली तर वारा सुटलेला असे. तिसऱ्यांदा पडली तर खोट गुरवाच्या हातात असे. शेवटी कंटाळून देवी उजवी देई आणि काकी मागे वळून सांगे, "बघा, समजावून सांगितलं की ऐकते." आजोबा कपाळाला हात लावत.

एकदा आमची गाय रानात चुकली. काकीने देवीला बजावलं, "गाय येईपर्यंत दिवा नाय. बस अंधारात." संध्याकाळी गाय आपली आपण गोठ्यात आली. काकी तेलाची बुधली घेऊन धावतच देवळात गेली. "रागाच्या भरात बोलून गेले गो, मनावर घेऊ नको," असं म्हणत तिने दिवा काठोकाठ भरला. मग घरी येऊन गाईला शिव्या दिल्या.

माझी आई मी पाळण्यात असतानाच गेली. वडील आणि काका मुंबईला गिरणीत. काकीला मूल नव्हतं, म्हणून मी तिच्याच पदराला धरून वाढले. पोलादपूरच्या शाळेत माझी चौथी झाली तेव्हा मास्तर आजोबांना म्हणाले, "पोरगी हुशार आहे, महाडला पाठवा." महाडला मुलींची शाळा होती, माझी मावशी होती. पण आजोबा म्हणाले, "आईला विचारू." मला रडूच फुटलं, कारण शाळा संपली की लग्न, हे ठरलेलंच होतं. काकी म्हणाली, "गप गो. मी हाय ना बोलायला."

पण देवळात तिची जीभच उचलेना. गुरवाने पाकळ्या लावल्या, वाट पाहिली आणि आठवण केली, "वयनी, गाऱ्हाणं?"

"तिला ठाव हाय," काकी एवढंच म्हणाली.

डावी पाकळी पडली. गुरवाने सवयीने लगेच दुसरी भिजवायला घेतली. "घंटा वाजत होती काय, वयनी?" त्यानेच विचारलं.

"नाय," काकी म्हणाली. "ऐकलं तिनं."

मला वाटलं, संपलं सगळं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी काकीने माझं बोचकं बांधलं. आजोबा दारात उभे राहिले. "सूनबाई, देवीनं नाय म्हटलंय."

काकी डोईवरचा पदर सारखा करत, खाली बघत म्हणाली, "म्हटलंय, मामंजी. पण ती साऱ्या गावाची आई हाय. हिची आई मी हाय. कोप करायचा तो माझ्यावर कर, असं तिला सांगून आलेय."

आजोबा दारातून बाजूला झाले. पोलादपुरात मला मोटारीत बसवून काकी एकटी डोंगर चढून गेली.

त्यानंतर काकी कोपाची वाट बघू लागली. सुट्टीत मी घरी आले की आधी माझं कपाळ चाचपून बघे आणि मगच स्वतःची दुखणी मोठ्या कौतुकाने सांगे. दाढ ठणकली, पायात काटा मोडला, विळ्याने बोट कापलं. "सगळं माझ्यावरच येतंय," ती आनंदाने म्हणे. "शब्दाची पक्की हाय बाई!" मी हसायची. तीही हसायची.

मी फायनल पास होऊन महाडात मास्तरीण झाले आणि वर्षभरात काकी हिवतापाने गेली. त्याआधी, नोकरी लागल्यावर मी पहिल्यांदा घरी आले, तेव्हा तिने मला पायसुद्धा धुऊ दिले नव्हते. तशीच हाताला धरून देवळात नेलं आणि देवीपुढे उभं केलं.

"बघ गो आई, मास्तरीण झाली. धडधाकट हाय. तुझं चुकलं होतं. होतं कधीकधी असं, मी काय मनात नाय ठेवलं."

गुरव तोंडाला उपरणं लावून हसत होता. मीही हसले. आणि काकीने देवीच्या पायांवर डोकं टेकलं आणि ती हमसून हमसून रडायला लागली. इतकी वर्षं ती किती घाबरलेली होती, ते मला तेव्हा कळलं.