मचूळ पाण्यावरचं पिकप

"लोखंडाला पाणी पाजतोस, अन् माणसं काय धूळ पितेत का?"

हे कडूबाईचं बोलणं दोन हजार तेराच्या उन्हाळ्यातलं. विहिरीत टँकर रिकामा होत होता, अन् काठावर बायका घागरी घेऊन अशा दाटून उभ्या होत्या की मधून वाराही जाऊ नये. त्यात शहादेव बादली घेऊन घुसला. त्याचं पिकप वर रस्त्याला फुसफुसत उभं होतं, पाठीत दुधाचे कॅन. त्यानं एक बादली शेंदली अन् निघाला, तोच कडूबाईनं बादलीचा कान धरला.

"मावशे, सोड. गाडी तापलीय."

"तापू दे. महं डोकंबी तापलंय, त्येच्यावर कुणी वततंय का पाणी?"

"ह्याच लोखंडावर तुहं दूध धारूरला जातंय."

"दूध म्हशीनं दिलंय, तुह्या गाडीनं न्हाई. अन् म्हैस सकाळधरनं कोरड्या तोंडानं उभी हाय."

बायका हसल्या. भांडणात कोण जिंकलं ते हसणाऱ्यांवरून कळतं. शहादेवनं बादली कडूबाईच्या घागरीत ओतली, थेंब न सांडता, अन् मोकळी बादली हलवत चढ चढून गेला. ऐकणाऱ्यांना वाटलं, मिटलं. भांडण मिटतं हो, बोल राहतो. त्यात कडूबाई त्याच्या आईची मावसबहीण. लहानपणी तिच्याच कडेवर वाढलेला. परक्याचा बोल अंगावरून जातो, घरच्याचा पोटात जाऊन बसतो.

वाडीच्या खालच्या अंगाला एक जुना बोअर होता. त्याचं पाणी मचूळ. त्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे, ढोरंही तोंड लावून मान झाडायची. ते पाणी कुणी मागत नव्हतं, म्हणून शहादेवनं ते गाडीला लावलं. त्या दिवसापासून त्याच्या हातानं गाडीला गोडं पाणी म्हणून गेलं नाही. पुढं पाऊस झाला, विहिरी काठोकाठ आल्या, तरी हा डबे घेऊन बोअरवरच. अशा माणसाला आपल्याकडं येडाही म्हणतात अन् इमानीही, आणि दोन्ही शब्द एकाच तोंडातून निघतात.

त्या गाडीवर वाडीचं काय अवलंबून होतं ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. पळसदऱ्याची वाडी धारूरच्या घाटाखाली, खडकावर बसलेली. खरीप कधी हाताला लागलं तर लागलं. दिवाळी झाली की वाडीच्या वाडी कोयत्याला जायची, ऊस तोडायला. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तिथला हिशोब. बाईला निम्मा कोयता म्हणतात, काम मात्र पुरतं घेतात. शहादेव अन् त्याची बायको सिंधू, दोघांनीही लग्नानंतरच्या कितीतरी संक्रांती उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत काढल्या. थोरली लेक तर कारखान्याच्या गाडीतळावरच झाली.

मग वाडीत दूध संस्था आली. म्हशी आल्या. अन् शहादेवनं माजलगावच्या एका भाजीवाल्याकडून वापरलेलं पिकप आणलं. रंग पांढरा म्हणायचा, पहिल्याच आठवड्यात वाडीच्या मातीचा झाला. सकाळी वाडीचं अन् आसपासच्या वस्त्यांचं दूध गोळा करायचं, ऊन चढायच्या आत घाट चढून धारूरच्या शीतकरण केंद्रात पोचवायचं, हे त्याचं काम. ज्या घरचं दूध त्या गाडीत चढलं, त्या घरची बाई कोयत्याला गेली नाही. एवढी साधी गोष्ट होती. गाडी चालली तर बायका घरी, गाडी थांबली तर फडात. हे सगळ्यात जास्त शहादेवला ठाऊक होतं, कारण सिंधूच्या मनगटाला अजून थंडीत कळ यायची.

माणूस उंच अन् हाडकुळा. गाडीत बसला की गुडघे स्टेअरिंगला टेकायचे. बोलणं थोडं, ऐकणं फार. जाताना दूध न्यायचा अन् येताना वाडीचा बाजार आणायचा. कुणाचं दळण, कुणाच्या गोळ्या, कुणाच्या सुनेला माहेरून आणायचं, एकदा तर नवरदेवाचा फेटा. विसरला असं कधी झालं नाही. लिहून घेत नसे. "डोक्यात घेतलंय," म्हणायचा. बायका म्हणायच्या, "बायकोनं सांगितलेलं तेवढं इसरतो." ते खरंही होतं.

धारूरला हैदरचं गॅरेज. पिकपची दुखणी त्याच्याकडंच. पहिल्यांदा त्यानं रेडिएटर उघडला तेव्हा आतली जाळी पांढऱ्याफेक पापुद्र्यानं बुजलेली. त्यानं नखानं एक खपली काढून शहादेवच्या तळहातावर ठेवली.

"ह्ये बघ बे. तुह्या गाडीला मुतखडा झालाय."

"काढ मग."

"काढतो. माणसाला झाला तर अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेतेत. ह्येला कुठं नेणार?"

"तूच हाईस की डाक्टर."

"डाक्टर म्हणतोय, पाणी बदल. कुलंट मी घालून देतो, पर तुही गळकी गाडी महिन्यात ते मुतून टाकती, अन् मग तू हाईस अन् तुहा समुंदर. गोडं पाणी घाल."

"घालतो."

"गेल्या बारीला बी 'घालतो'च म्हणलास."

खरं कारण शहादेवनं त्याला सांगितलं नाही. हैदरला वाटायचं, हा आळशी. गोष्ट सांगायला लाज वाटते म्हणून माणूस आळशी म्हणवून घेतो, असं घडतं. असं करत करत गाडी चालली. आज जाळी, उद्या पंप, परवा हेड. दर बारीला हैदर शिव्या द्यायचा, दर बारीला चालू करून द्यायचा.

मग एकोणीसचा दुष्काळ आला. त्या साली जनावरं छावणीला गेली, काही बाजारात गेली, दूध आटलं. जिथं कॅन भरून वाहायचे तिथं तळ झाकंना. गाडीला तेवढंच डिझेल, तेवढाच घाट. तरी शहादेव जात होता. चैत्रात एका सकाळी घाटाच्या मधल्या वळणावर इंजिनानं शिट्टी मारली अन् बंद पडलं. बॉनेट उघडलं तर वाफ. मागून येणाऱ्या ट्रकवाल्यानं दोर लावून गाडी वर ओढली तोवर ऊन डोक्यावर आलं होतं, अन् दूध फाटलं होतं.

गाडी हैदरकडं सोडून, फाटलेलं दूध घेऊन तो जीपनं वाडीत परत आला. त्याला वाटलं होतं, बायका बोलतील. कुणी बोललं नाही. रतनबाई म्हणून एक म्हातारी, तिची एकच म्हैस उरली होती. तिनं कॅनचं झाकण उघडून वास घेतला अन् पुन्हा लावलं. कडूबाई म्हणाली, "जाऊ दे. माणूस धड आला." शहादेवला वाटलं, त्यापेक्षा तेरा साली भांडली होती तशी भांडली असती तर बरं झालं असतं.

हैदरनं इंजिन खोललं तर ऑइलात पाणी गेलेलं. काठी बुडवून बाहेर काढली, तर ऑइल चहासारखं.

"हेड घासून घासून आता पापड राहिलाय," तो म्हणाला. त्या दिवशी त्यानं शिवी दिली नाही, तिथंच शहादेव समजला. "मी आता नुसती पट्टी लावून देतो. औषध म्हंजे हाफ इंजिन, निम्मं इंजिन नव्यानं बसवायचं. ते करायचं का भंगारात द्यायची, तू ठरव. पर ऐक. नवं काम करून त्याला बी तेच पाणी पाजणार असशील, तर मह्याकडं येऊ नको. मही बी उमर झाली, शहादेव. किती मुतखडे काढू?"

दुसऱ्या दिवशी संस्थेचे चेअरमन आप्पाराव मोटरसायकलवर आले. बसले नाहीत. चहा उभ्यानंच घेतला, म्हणजे बोलणं अवघड होतं.

"शहादेव, गाडी रोज येणार असली तर रूट तुझाच. आमाला बी दुसरा नको. न्हाई जमलं तर संघाचा टेम्पो फाट्यापर्यंत यील. वर चढणार न्हाई."

"फाट्यापर्यंत बायकांनी डोक्यावर दूध न्यायचं का, आप्पा?"

"म्या काय करू? मला बी वरून सांगतेत."

फाटा म्हणजे दरा उतरून पार खाली. रतनबाईसारखीला तर काठी टेकत उतरायलाच दुपार व्हावी. ऊसतोडीच्या मुकादमाचा माणूसही त्याच आठवड्यात वाडीतून फिरून गेला होता. दारादारात थांबून "औंदा किती कोयते?" असं विचारत.

रात्रीच्या भाकरी थापता थापता सिंधू म्हणाली, "काय ठरलं मग?"

"बघू."

"आवं, बघू बघू म्हणून म्हशीनं कवा दूध दिलंय का? करा ते इंजिन."

"इंजिन केलं तरी पाणी?"

"आपल्या वाट्याची एक घागर देऊ की त्याला."

"अन् आपण?"

"आपण काय, अंग पुसून काढू. सासूच्या राज्यात म्या आठवडा आठवडा न्हाले न्हाई, तरी तुमी मला सोडलं का?"

शहादेव हसला. दोन महिन्यांत पहिल्यांदा. ठरलं की आधी पट्टी लावलेल्या गाडीला गोडं पाणी पाजून बघायचं. गाडी पाणी धरून राहिली, तर हाफ इंजिन करायचं.

सकाळी त्यानं घागर पोत्याखाली झाकून गाडीपाशी नेली. चोरी नव्हती, स्वतःच्या घरातलं पाणी होतं, पण हात चोरासारखेच चालत होते. बॉनेट उघडलं, तेवढ्यात पाठीमागून कडूबाई दुधाची किटली घेऊन आली. त्यानं घागर पायाआड केली.

"कावून लपवतोस रं? दारू हाय का काय?"

"पाणी हाय, मावशे."

"मग लपवायचं काय त्यात?"

"गोडं पाणी हाय. गाडीला."

"मग घाल की. मह्याकडं काय बघतोस?"

शहादेवनं तिच्याकडं बघितलं, अन् इतकी वर्षं पोटात बसलेलं ते बाहेर काढलं. "तू तवा विहिरीवर म्हणली होतीस ना. लोखंडाला पाणी पाजतोस म्हणून."

"म्या? कवा?"

"तेरा साली. मही बादली धरली होतीस."

कडूबाईनं आठवायचा प्रयत्न केला. डोळे बारीक केले, पदर तोंडाला लावला. "बाई बाई. त्या साली म्या कुणाकुणाशी भांडले, ध्यानात ठिवायला मह्याकडं जागा होती का? सख्ख्या जावेचं डोकं फोडायला निघालते. तू तेवढंच धरून बसलास? अन् ह्या गाडीला काय पाजलंस मग इतकी वर्सं?"

"बोअरचं."

तिनं किटली खाली ठेवली. मग म्हणाली, "येडा हाईस तू."

तोवर आणखी बायका किटल्या घेऊन आल्या होत्या. शहादेवनं घागर उचलली अन् सगळ्यांच्या देखत गोडं पाणी गाडीला पाजलं. चालू केली. गाडी चालू झाली, धडधडली, अन् सायलेन्सरातून पांढरी वाफ निघायला लागली. धूर नव्हता तो, वाफच. त्यानं रेडिएटरमध्ये बघितलं तर पाणी खाली गेलेलं. अजून ओतलं. तेही गेलं. आत कुठंतरी फुटलं होतं, अन् त्या फटीतून गाडी पीत होती अन् मागून सोडत होती. सिंधूची घागर रिकामी झाली. समोर उभ्या बायका, ज्यांच्या घरी पोरं भांड्याच्या तळातलं पाणी वाटून पीत होती, त्या वाफेकडं बघत राहिल्या. कुणी हसलं नाही.

"किती पितंय रं ह्ये," कडूबाई हळूच म्हणाली.

शहादेवनं चावी फिरवली. गाडी थांबली. वाफ थोडा वेळ तरंगली अन् गेली. सिंधू दारातून बघत होती. त्यानं तिच्याकडं बघून मान हलवली, तिला कळलं. ती आत गेली. अशी गाडी हाफ इंजिनानंही नीट व्हायची नाही असं काही नव्हतं. हैदरनं केली असती. पण आता त्या गाडीला पुन्हा घागरभर पाणी पाजायला त्याचा हात उठणार नव्हता, अन् नवं इंजिन मचूळ पाण्यानं पुन्हा मारायलाही उठणार नव्हता. मधला रस्ता देवानं ठेवलाच नव्हता. ढग ज्याच्या हातात, त्याला कुणी चेअरमन 'रोज येणार का?' असं विचारत नाही.

हैदरनं धारूरच्या भंगारवाल्याशी बोलून ठेवलं. गाडी तिथपर्यंत न्यायचीच होती, तर शहादेव म्हणाला, रिकामी कशाला न्यायची. शेवटच्या सकाळी त्यानं नेहमीसारखं दूध गोळा केलं. कॅन आडवे होऊ नयेत म्हणून मधे पोती घातली. बोअरच्या मचूळ पाण्याचे डबे पाठीत ठेवले अन् घाटात थांबत, पाजत, थांबत, ऊन तापायच्या आत दूध शीतकरणात पोचवलं. त्या दिवशी दूध फाटलं नाही. मग कॅन उतरवून धुतले, उलटे करून पाणी निथळू दिलं, अन् गाडी भंगारवाल्याच्या फाटकात नेऊन लावली. आतून गोणपाट अन् पाना तेवढा काढून घेतला. हैदर तिथं उभा होता. तो म्हणाला, "चाय पी के जा." शहादेव म्हणाला, "बाजार आणायचाय वाडीचा."

बाजार त्यानं आणला. दळण, पोराची वही, सिंधूची चहापत्ती, जी तो त्या दिवशी विसरला नाही. जीपच्या टपावर मोकळे कॅन बांधून फाट्यावर उतरला. तिथून वर दोन खेपांत सगळं खांद्यावरून आणलं. उद्यापासून दूधही ह्याच वाटेनं खाली संघाच्या टेम्पोपर्यंत जायचं होतं.

रतनबाई ओट्यावर बसली होती. तिच्या बीपीच्या गोळ्या त्यानं खिशातून काढल्या. तिला वाचता येत नाही, म्हणून नेहमीसारखा तिच्या शेजारी उकिडवा बसला अन् पाकीट तिच्या हातात देऊन बोट लावून सांगितलं.

"ही लाल, सकाळी जेवून. उपाशीपोटी घ्यायची न्हाई, मागल्या बारीला घेतलीस. अन् ही पांढरी झोपताना. समजलं का?"

"समजलं," रतनबाई म्हणाली. "पुन्यांदा सांग बरं एकदा."

त्यानं पुन्हा सांगितलं.