नागूच्या पॉपरचे गळ

आज मी बदला घेतला. कुणाला वाईट वाटत असंल तर वाटू द्या.

नागूला जाऊन आज वरीस झालं.

नागू म्हणजे नागनाथ, सोनपेठचा हार्डवेअरवाला. माझ्या मोबाईल रिपेअरिंगला लागूनच त्याचं दुकान. घर महादेवाच्या भक्तीचं, कपाळावर रोज विभूती, घरात अंडंसुद्धा चालत न्हाई.

आन् ह्या गड्याला नाद मासे धरायचा.

खायचा न्हाई. धरायचा, फोटो काढायचा, सोडून द्यायचा. घरी जायच्या आधी दुकानामागं आंघोळ करायचा.

"मग धरतोस कामून?" मी विचारायचो.
"भेट होती रे," म्हणायचा.

गोदावरीच्या डोहात आमी लूरवर मरळ धरायचो. लूर म्हणजे खोटा मासा. नागूचा जीव पॉपरवर. पॉपर पाण्यावर तरंगतो, दोरीला झटका दिला की तोंडानं बुळूक करतो, आन् खालून मरळ त्याच्यावर तुटून पडती.

आमच्या मासे धरणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपात एक उस्ताद हाय. नाव लिहीत न्हाई, त्याला बरोबर कळतंय.

नागू त्याला म्हणला होता, "उस्ताद, ह्या पॉपरचे गळ लय बारीक वाटायलेत. बदलू का?"
"कंपनीवाल्यापेक्षा तू शहाणा हायस का? तू आपले खिळे विक."

नागूनं ऐकलं. तिथंच चुकलं.

त्याच हप्त्यात नागूला मरळ लागली. मांडीएवढी. बिचाऱ्यानं पार काठाला आणली, आन् दोरी एकदम ढिली पडली. नागू मागच्या मागं चिखलात बसला. गळ बघितला तर उघडून खिळ्यासारखा झालता.

उस्तादनं फोटो काढला. चिखलात नागू, तोंड उघडं, हातात ढिली दोरी.

संध्याकाळी त्याचा स्टिकर झाला. कुणाचा मासा सुटला की ग्रुपवर नागू. कुणाची एसटी चुकली तरी नागू.

नागू बी हसायचा. पण एकदा चहा पिता पिता मला म्हणला, "तीच मरळ भेटू दे. मग बघतो ह्यांचा स्टिकर."

मग त्यानं तसाच नवा पॉपर आन् जाड तारेचे गळ मागवले, गळ अडकवायच्या रिंगा बी जाड. पक्कडीनं कंपनीचे बारीक काढून हे बसवले. पण जाड गळ जड असतेत. त्यानं पॉपरची शेपटी बुडाली तर पॉपर बुळूक करत न्हाई, नुसता ओढला जातो. म्हणून पाण्यात सोडून बघावं लागतं.

ह्या येड्यानं बघितलं कशात? आईच्या अभिषेकाच्या घंगाळात. ऐन श्रावण सोमवारी.

"मासळीचं खेळणं माझ्या देवाच्या घंगाळात?" काकू लय भडकल्या.
"आई, ह्याला अजून मासा शिवला न्हाई. कोरं हाय."

काकूनं घंगाळ चिंच लावून घासलं. मग लेकाशी बोलणं बंद.

घंगाळात पॉपर तर बुडालाच होता. नागूनं मागचा गळ एक नंबर लहान लावला, माझ्या दुकानातल्या बादलीत सोडला. तरंगला. तोंड वर, शेपटी जराशी पाण्यात.
"रविवारी जाऊ," म्हणला.

गुरुवारी सकाळी शटर वर करताना पडला. दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं.

मी ग्रुपवर टाकलं, आपला नागू गेला.
खाली पहिला रिप्लाय उस्तादचा. तोच स्टिकर.

नंतर म्हणला, चुकून दाबला गेला. असंल. मी मानत न्हाई.

वहिनीनं पॉपर माझ्याकडं आणून दिला. "भावजी, हे घरातून न्या. पण फेकू नका."

वरीसभर जपला. पाण्यात एकदा बी टाकला न्हाई.

आज सकाळी उस्तादला फोन केला. "डोहावर ये. नागूचा पॉपर टाकायलोय."
आला. मोबाईल हातातच होता. दुसरा स्टिकर मिळंल ह्या आशेनं आलता, मला काय कळत न्हाई का?

लय वेळ काहीच न्हाई. उस्ताद दात काढायलाच होता, आन् पाणी फुटलं.

मरळ खाली ओढायची, मी सोडायचो, परत ओढायचो. काठाला आली तेव्हा गळ जबड्यात होता आन् जसाच्या तसा वाकडा होता. मरळ तीच का दुसरी, देव जाणे. मी तीच म्हणणार.

गळ काढला, मरळ सोडून दिली. नागूनं सोडलीच असती.

मग पॉपर उस्तादच्या हातात दिला. वर पक्कड दिली.
"उघड गळ."
"जाऊ दे ना आता."
"उघड म्हणलं ना."

गड्यानं जोर लावला. कपाळाला घाम आला, अंगठ्यात टोक घुसलं, तोंड वाकडं झालं. गळ उघडला न्हाई. मी फोटो काढला.

"नागूचं बरोबर होतं," खाली बघत म्हणला.
"ग्रुपवर बोल."
बोलला. व्हॉइस मेसेज त्याच्याच आवाजात हाय, ऐका.

आन् त्याच्या त्या तोंडाचा स्टिकर बी झालाय. दुपारपासून फिरायलाय. लोक म्हणायलेत, माफ कर आता. न्हाई करत. मला लय बरं वाटलं.

संध्याकाळी नागूच्या घरी गेलो. पॉपर खिशात, बाहेर ओट्यावरच बसलो. काकूला सगळं सांगितलं. त्या उठून आत गेल्या.

घंगाळ घेऊन आल्या. तेच, अभिषेकाचं. काठोकाठ पाणी.

"सोड त्याच्यात."
"काकू, आज ह्याला मासा शिवलाय."
"शिवू दे. माझ्या लेकानं काय केलतं ते बघू दे मला."

सोडला. काकू वाकून बघत राहिल्या.
"तोंड वर हाय की रे," म्हणल्या, आन् पदर डोळ्याला लावला.

नागू, नीट तरंगायलाय रे तुझा पॉपर.
तुला भरल्या डोळ्यांनी नमस्कार.