दुसऱ्या मोज्याची टाच

"थांबा, ओळ पुरी होऊ दे."

दारात कुणीही आलं तरी त्यांचं पहिलं वाक्य हेच. मग तो दूधवाला असो, घरमालक असो, की कल्याणच्या मालधक्क्यावरच्या त्यांच्या कचेरीतले साहेब असोत. मान वर होत नसे. डाव्या हाताची करंगळी तेवढी सुईवरून किंचित उचलली जायची आणि आलेला माणूस ती पाहून मुकाट्याने उभा राहायचा. ओळ पुरी झाली की चष्मा कपाळावर चढवून ते असे तोंडभर हसायचे, की ताटकळल्याचा राग कुणाला धरवत नसे.

डोंबिवलीच्या आमच्या चाळीत ते माझ्या शेजारच्या खोलीत राहत. मी त्यांना काका म्हणे. बाकीची चाळ त्यांना पाठीमागे 'लोकरवाले' म्हणायची. तोंडावर म्हटलं असतं तरी ते रागावले नसते.

तुम्ही विचाराल, डोंबिवलीत लोकर कशाला? रास्त प्रश्न आहे. आमच्याकडची थंडी ती केवढी! ट्रंकेतून स्वेटर काढून त्याला ऊन दाखवावं, तोवर ती निघूनही जायची. पण काकांनी हवेचा विचार कधी केलाच नाही. चाळीतल्या झाडून सगळ्या माणसांच्या अंगावर त्यांचं काही ना काही होतं. माझ्या वाट्याला शेवाळी रंगाचा बिनबाह्यांचा स्वेटर आला, तोही ऐन मार्चमध्ये. "घालून दाखवा," म्हणाले. मी घामाने निथळत उभा, आणि हे चारी बाजूंनी मला निरखताहेत! शेवटी "खांद्यात सैल झालाय" असा निकाल देऊन त्यांनी तो तिथल्या तिथे उसवायला घेतला. उसवण्यातही ते तेवढेच रमायचे.

विणायला ते शिकले लढाईच्या दिवसांत. सैन्यात कारकून होते. लॉरी उलटून पाय मोडला आणि कित्येक महिने इस्पितळात पडून राहावं लागलं. ते कंटाळून नर्सबाईंवर डाफरायला लागले, तेव्हा एकीने त्यांच्या हातात दोन सुया दिल्या. "पाय अडकला होता, हात मोकळे होते," एवढंच ते त्याबद्दल सांगत. पाय पुढे थोडा अधू राहिला, पण सुया सुटल्या नाहीत.

गप्पा मारायला आलेल्या माणसाला ते बसवत आणि म्हणत, "हात पुढे करा." पुढे केलेल्या दोन्ही मनगटांवर लोकरीची लडी चढायची आणि काका तिचा गुंडा वळायला लागायचे. आता हा माणूस उठू शकत नाही, विडी ओढू शकत नाही, नाकावर माशी बसली तरी हाकलू शकत नाही. त्यांच्या आयुष्यातल्या बहुतेक हकिकती मी असे हात धरूनच ऐकल्या आहेत.

रविवारी ते कल्याणला उतरून विठ्ठलवाडीच्या पलीकडच्या निर्वासितांच्या छावणीत जात. सिंधी बायका तिथे बराकींच्या सावलीत विणत बसलेल्या असत. हा लंगडत येणारा धोतरवाला माणूस पिशवीतून सुया काढून समोर बसला, तेव्हा त्या पदराआड हसल्या म्हणे. पण एका म्हातारीने त्यांच्या हातातलं काम ओढून घेतलं, बघितलं, चार ओळी सरळ उसवून टाकल्या आणि पुन्हा विणून दाखवल्या. तेव्हापासून त्यांची तिथे हजेरी सुरू झाली. स्वेटरच्या छातीवर वेणी पडत जाते ती वीण त्यांनी तिथेच उचलली. "घरदार गेलं हो त्यांचं," एकदा ते मला म्हणाले, "पण बोटांतलं कुणाला काढून घेता आलं नाही." हे बोलताना त्यांच्या सुया क्षणभर थांबल्या होत्या.

पुरुषासारख्या पुरुषाने हे काय चालवलंय, असं लोक म्हणतच. ते ऐकून घेत आणि विणत राहत. जीव जायचा तो काकूंचा. काकू म्हणजे साधी, भिडस्त बाई. नवरा गॅलरीत विणायला बसला की त्या दार लोटून घेत.

आणि त्यात कुमुदच्या लग्नाचं निघालं. कुमुद त्यांची एकुलती एक मुलगी. शाळेत शिकवायची, खो-खोत भल्याभल्यांना दमवायची. पण हातात सुई दिली की तिला झोप यायची. एकदोन ठिकाणी पत्रिका जुळूनही बोलणी फिसकटली होती. आता ठाण्याचं, नौपाड्यातलं स्थळ आलं होतं. मुलगा तिने कुणाच्याशा लग्नात पाहिला होता आणि तो तिला आवडला होता. हे तिने माझ्या आईला सांगितलं, आईने मला, आणि चाळीला ते आधीच ठाऊक होतं.

तेव्हा मुलगी बघायला आले की तिचं हातकाम मांडून ठेवायची पद्धत होती. रुमाल, उशीचे अभ्रे, भरतकामाचा मोर. ते मुलीनेच केलेलं असलं पाहिजे असा मात्र आग्रह नसे. आमच्या चाळीत मण्यांचं एक सुरेख तोरण होतं. ज्या घरी पाहुणे यायचे त्या घराच्या दारावर ते आदल्या दिवशी जाऊन बसायचं आणि दर वेळी नव्या मुलीचं व्हायचं. काकूंना तर उसनं आणायचीही गरज नव्हती. घर विणकामाने भरलेलं होतं.

"अहो, कुमुदनं केलंय म्हणून सांगू ना?" त्यांनी माझ्यादेखतच विचारलं.

"तू काय सांगायचं ते सांग. मी मधे बोलणार नाही," काका म्हणाले. "पण मला कुणी विचारलं, तर खोटं सांगणार नाही."

काकूंचा जीव भांड्यात पडला. स्वेटरबद्दल पुरुषाला कोण विचारतंय!

पाहुण्यांशी बोलायला घरचा म्हणून मला बसवलं होतं. मुलगा, त्याची आई आणि मामा आले. पोहे झाले. मुलाच्या आईंनी वेणीच्या विणीचा स्वेटर उचलला, उलटा करून आतली बाजू पाहिली आणि त्यांचा चेहरा फुलला. "कुमुदनंच केलंय सगळं," काकू घाईघाईने म्हणाल्या.

"अगंबाई, मग देवच पावला!" असं म्हणत त्या बाईंनी पिशवीतून चार सुयांवर अडकलेला बाळमोजा काढला. त्यांच्या लेकीचं बाळंतपण जवळ आलं होतं. "टाच वळवताना माझी दर वेळी चुकते बघ. एवढी करून दाखव गं."

त्यांच्या मनात काही कपट नव्हतं. बाई खरोखरच अडल्या होत्या. कुमुदने मोजा हातात घेतला आणि त्याच्याकडे नुसती बघत राहिली. काकू "लाजतेय हो" म्हणाल्या. मुलाच्या आईंनी गोंधळून सगळ्यांकडे पाहिलं. "मग कोण करतं घरात हे?" त्यांची नजर नेमकी काकांवर येऊन थांबली.

"मी," काका म्हणाले. "आपण विचारलंत म्हणून सांगतो. हे सगळं मी विणलंय. मुलीला यातलं काही येत नाही. इकडे द्या तो मोजा."

काकांनी कुमुदच्या हातून मोजा घेतला, चष्मा नाकावर ओढला आणि सुरुवात केली. तेवढ्यात मामा उठले. "चला ताई. फसवणूक आहे ही सरळ. आणि बाप काय विणतो, आई काय सांगते! उठा, उठा."

करंगळी वर झाली. "थांबा, ओळ पुरी होऊ दे."

मामा जागच्या जागी उभे राहिले. दुसरं करणार काय? मोजा त्यांच्या बहिणीचा होता आणि तो सोडून जाता येत नव्हतं. एक ओळ झाली, दुसरी झाली. काका म्हणाले, "आपली लोकर पुरायची नाही. माझ्याकडे पांढरी आहे." त्यांनी लडी काढली, समोर मुलगाच होता, त्यालाच सवयीने म्हणाले, "हात पुढे करा."

त्या बिचाऱ्याने केले! नवा कोट घालून आलेला तो मुलगा मनगटांवर लडी घेऊन बसला आणि भावी सासरा गुंडा वळू लागला. ते पाहून कुमुदला हसू आवरेना. मग ती सरळ त्याच्याकडे बघून म्हणाली, "मला खरंच येत नाही. मला खो-खो येतो." तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, कारण मामा मोठ्याने खाकरत होते. मुलाच्या आई मात्र खुर्ची पुढे ओढून काकांची बोटं पाहत होत्या.

टाच वळली. मोजा घेऊन पाहुणे गेले. कळवतो, एवढंच म्हणाले.

नंतर काकूंनी जेवण सोडलं. "पोरीचं वाटोळं केलंत," त्या म्हणाल्या. त्या आठवड्यात काकांच्या हातून टाके गळत होते. ते मी पाहिलं आणि मला त्यांची फार कीव आली. तरी आपण चुकलो असं मात्र ते एकदाही म्हणाले नाहीत.

पुढच्या रविवारी ते छावणीत गेले नाहीत. गॅलरीत बसले होते. जिन्यावरून मुलाच्या आई एकट्याच धापा टाकत वर आल्या. काकू पदर सावरत धावल्या. बाईंनी पिशवीतून चार सुया काढल्या आणि काकांसमोर धरल्या.

"दुसऱ्या पायाची टाच राहिलीय, व्याहीबुवा."

त्या दिवशी पहिल्यांदाच काकांनी हातातली ओळ अर्धी टाकली आणि उभे राहिले.

लग्न झालं. काका त्यानंतर फार वर्षं राहिले नाहीत. एका सकाळी चहा घेता घेता गेले.

दिवसवार आटोपल्यावर मी काकूंकडे डोकावलो. त्यांच्या मांडीवर राखी लोकरीची लडी होती. ट्रंकेत सापडली म्हणाल्या. मला वाटलं, कुणाला तरी देऊन टाकणार असतील. त्यांनी काकांची खुर्ची गॅलरीत ओढली, तिच्यावर बसल्या आणि दार सताड उघडं टाकलं.

"हात पुढे करा," त्या म्हणाल्या.

मी केले. त्या सावकाश गुंडा वळू लागल्या. वाकडाच होत होता. खालून घरमालकांनी हाक मारली, पुन्हा मारली. माझे हात लडीत होते आणि काकूंनी मान वर केली नाही.