अनंताच्या कळ्या

गणवेश शिवण्याच्या कारखान्यात त्यांना सगळ्याजणी काजबाई म्हणत. काज करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. घरी मात्र त्यांचा सगळा जीव गॅलरीतल्या अनंताच्या झाडात. थोरली बहीण गेली तेव्हा तिच्या दारातल्या झाडाची एक फांदी त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. ती जगवताना त्यांच्या नाकी नऊ आले. नळाचं पाणी घातलं की पानं पिवळी पडत, म्हणून त्या ताकात भरपूर पाणी मिसळून घालत. कुंडी जरा इकडची तिकडे केली की झाड रुसायचं आणि कळ्या गाळायचं.

"आई, माझे एवढे लाड केले असतेस ना, तर मी बस नाही, विमान चालवलं असतं," मुलगा म्हणायचा.

त्या वर्षी झाड कळ्यांनी लगडलं आणि तेव्हाच सुनेला दिवस गेले. आधी दोनदा आशा लागून हातची गेली होती, त्यामुळे आनंदसुद्धा सगळे दबक्या आवाजात करत होते. पहिलं फूल उमललं, दोन खोल्यांचं घर वासाने भरलं आणि सून मोरीकडे धावली. पोटात पाणी ठरेना. गाल बसले.

"फुलं राहू द्या, आई. तुम्ही किती वाट पाहिलीत. माझंच काहीतरी बिनसलंय," ती म्हणाली.

काजबाईंनी कुंडी खालच्या घड्याळजीच्या अंगणात नेऊन ठेवली. तिथे दिवसभर ऊन. झाड आठवडाभरात असं करपलं, की घड्याळजीनेच वर निरोप पाठवला, "घेऊन जा हो, माझ्याच्याने याचे हाल बघवत नाहीत."

झाड परत आलं, सावरलं, पुन्हा कळ्या धरू लागलं. मग रोज पहाटे, सून उठायच्या आत, काजबाई गॅलरीत जात आणि फुगलेली प्रत्येक कळी खुडत. काज बेतणारी बोटं, चूक होत नसे. खुडलेल्या कळ्या कागदात बांधून कामाला जाताना बाहेर टाकत. "झालं का नाही मनासारखं?" असं एकदा त्या झाडालाच रागाने म्हणाल्या, आणि मग बराच वेळ त्याच्या पानांवरची धूळ पुसत बसल्या.

सुनेला अन्न पचू लागलं. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये पुन्हा कामावर जाऊ लागली. सहावा महिना लागला. आणि एका दुपारी लॅबमधूनच तिला दवाखान्यात न्यावं लागलं. बाळ वाचलं नाही.

घरी आल्यावर सून भिंतीकडे तोंड करून पडून असायची. मुलगा ड्यूटी बदलून घरी थांबला आणि सारखा चहा टाकायचा.

काजबाई पहाटे उठल्या, सवयीने गॅलरीत गेल्या आणि त्यांनी कळीला हात घातला. मागून कुणीतरी मनगट धरलं. सून होती.

"आता कशाला, आई?"

काजबाई वळल्या. "तुला... माहीत होतं?"

"तुमच्या बोटांना वास यायचा. कच्च्या कळीचा. तेवढा मला चालायचा." तिने मनगट सोडलं. "एवढं सगळं करून तरी काय झालं?"

"काही नाही झालं गं," काजबाई म्हणाल्या. "काही नाही झालं." आणि इतके दिवस सुनेसमोर आवरून धरलेलं रडू त्यांना तिथेच, कठड्याला धरून कोसळलं.

कळ्या तशाच राहिल्या. चारेक दिवसांनी सगळ्या एकदम फुलल्या. तो वास दोघींनाही सोसेना. दार उघडं टाकून त्या जिन्यात येऊन बसल्या, पायरीवर, एकमेकींना खेटून. घड्याळजी वर येत होता, त्यांना बघून भिंतीच्या कडेने निघून गेला.

"तुमच्या बहिणीच्या घरीसुद्धा इतकी फुलं यायची?" सुनेने विचारलं.

"याहून जास्त," काजबाई म्हणाल्या, आणि बहिणीबद्दल सांगू लागल्या.